नाईटचा हिशेब

प्रज्वला, तू विचारलंस, ताई, नोकरी सोडू का,
तेव्हा मी कूलरमध्ये पाणी ओतत होते.
तिसरी बादली. नळ जाण्याआधी
अजून दोन भरायच्या होत्या, म्हणून
तुला वाटलं, मी उत्तर टाळलं.

बस. ती वही काढ, गव्हाच्या कोठीवरची.
लाल कापडी बांधणी, इतवारीतून आणलेली.
दुकानदाराने विचारलं होतं, "किराण्याची का?"
मी म्हटलं, हो.
खोटं नाही, किराण्याचीच आहे.

बघ हे पान. भाऊबीज ते होळी.
वडशाची कंपनी, अठ्ठ्याऐंशी नाईट,
नाईटचे बाराशे. पहिल्या साली तीनशे होते.
रडायचे जास्त मिळतात असं समजू नकोस,
रडणं, नाचणं, विहिरीत उडी,
सगळं त्याच पैशात.
लाल पेनाने लिहिलंय ते बुडालेलं:
ठेकेदार सिरोंच्याकडे गेला तो आलाच नाही.
नाव खोडलं नाही मी.
भेटलाच कधी, तर चूक माझी नको.

मग होळी, मग नागपूर.
मेकअपचा डबा फ्रिजमध्ये जातो,
भाजीच्या खणात, मेथीच्या जुडीखाली.
बाहेर ठेवला तर शेहेचाळीसला
राणीचे ओठ आणि भिकारणीची काजळी
एक होऊन जातात.

पुढे उलट. मोमिनपुऱ्यात शकीलभाईंचा स्टुडिओ,
म्हणजे गादीच्या दुकानावरची खोली,
भिंतींना खालचाच कापूस.
तिथे पंखा बंद करून मी बोलते:
साड्यांचा महासेल. दातांचा दवाखाना.
हरवली आहे, वय सात, अंगात पिवळा फ्रॉक.
ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा.
रोज सकाळी सातला, इंदोऱ्याच्या या गल्लीत,
मीच माझ्या दारी कचरा मागायला येते.
वनमाला काकू ओरडतात, "काऊन वं,
तुले घरातूनच सांगता येत नाही का?"

त्या एका मिनिटाचे आठशे मिळाले, एकदाच.
घंटागाडी सहा वर्षं फिरते आहे.
म्हणून इथे चौकट केली, बघ:
*पुढच्या वेळी विचार, किती दिवस वाजणार.*
एवढी ओळ शिकायला सहा वर्षं गेली.
तू लिहून घे.

आणि हे कोरं पान चुकून राहिलेलं नाही.
त्या वर्षी मी बर्डीवर होते, साडीच्या काउंटरला.
पगार सात तारखेला, न चुकता.
घरचे खूश. मीही होते, खरं सांगते,
दोन वेळा तर्री-पोहे खाल्ले तरी वहीत लिहावे लागत नव्हते.
एक दिवस गिऱ्हाइकाला पदर दाखवताना
आपोआप प्रवेश झाला:
दोन पावलं, मान डावीकडे,
शेवटच्या ताडपत्रीपर्यंत पोचेल असा श्वास.
बाई म्हणाली, "साडी नको,
पण ते पुन्हा करून दाखवा ना."
शेठ हसला. मी घडी घालायला घेतली.
ती घडी काही केल्या बसेना.

आता तुला वाटेल, मी म्हणेन, सोड.
नाही म्हणत.
तुझ्या आईचं डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी असतं.
कलेला पैसा लागत नाही म्हणणाऱ्यांची
घरं बहुतेक बांधून झालेली असतात.

शनिवार धर. रविवार धर.
शकीलभाईंना मी सांगते, पण दर तू सांगायचा,
आणि सांगताना चपलेकडे बघायचं नाही.
नोकरीचं नंतर पाहू, आधी
"द्याल ते" म्हणायचं सोड.
मला ते अजूनही जमत नाही दरवेळी.
मागच्याच महिन्यात, एका बारशाच्या निवेदनाला...
जाऊ दे. तेही लिहिलंय, लाल पेनाने.

घे पेन. मागचं पान उघड, तुझ्यासाठी.
तारीख टाक. नाव राहू दे, काम लिही,
त्यापुढे आकडा.
कमी वाटतोय? थोडा वाढव.

थांब, आवाज बदलला नळाचा.
बघ जरा, बादली भरली का.